माळेखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुनी जीप. ‘आहे’ म्हणावं की ‘होते’, हे मलाच अजून ठरवता येत नाही. लोहाऱ्यात बलभीम मिस्त्रीच्या गॅरेजमागे बाभळीखाली मी उभी असते. माझं इंजिन काढून शेजारी पोत्यावर ठेवलं आहे, त्याच्या जागी आता वाळका पाला साठतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. नऊ वर्षं सरकारी साहेबांना मिरवलं. मग एका लिलावात मला कल्याणप्पांनी घेतलं आणि माझं खरं आयुष्य सुरू झालं. त्यांच्या गावाला एसटी येत नाही. सकाळी गावातल्या सहा मुलींना लोहाऱ्याच्या शाळेत सोडायचं, दिवसभर प्रवाशांच्या शिटा भरायच्या, संध्याकाळी मुलींना घरी आणायचं. त्या सहाजणींतली एक त्यांचीच लेक, शिवांजली, दहावीतली. तिच्याआधी गावातली एकही मुलगी दहावीपर्यंत पोचली नव्हती. म्हातारी माणसं माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणायची, “ही जीप हाय म्हणून पोरी शिकल्या!” खोटं कशाला बोलू, ते ऐकून मी फुगून जायचे.

गेल्या नवरात्रातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा. त्यामुळे अष्टमीला गॅरेजपुढे ही गर्दी! प्रत्येकाला गाडी धुऊन, तेल बदलून हवी. बलभीम मिस्त्रींचा हात चांगला, पण त्या दिवशी त्यांना मान वर करायला सवड नव्हती. त्यांनी माझं जुनं तेल काढलं, जुना फिल्टर काढला, नवा बसवला. जुन्या फिल्टरची रबरी रिंग मात्र इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवी बसली. मला ते तेव्हाच टोचलं, पण आम्हा गाड्यांना सांगायला तोंड नसतं.

नवमीला सकाळी शिवांजलीनं माझी पूजा केली. कुंकू लावलं, आणि स्वतः ओवलेली झेंडूची माळ डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट बांधली. इतकी छान मी लिलावानंतर कधी दिसले नव्हते.

मुलींना शाळेत सोडेपर्यंत दोन रिंगांमधून तेल झिरपू लागलं होतं. माझ्या पोटात टकटक सुरू झाली. कल्याणप्पांच्या कानाला ती लगेच कळली. त्यांनी मला सरळ गॅरेजला नेलं.

गॅरेजात पाने, पकडी, जॅक, सगळं पाटावर मांडून त्यावर हळद-कुंकू वाहिलं होतं. मिस्त्री नवे कपडे घालून बसले होते.

“मिस्त्री, कालच तेल बदललंय, अन् आज ही टकटक कसली हो?”

मिस्त्रींनी कान लावला. “इंजिनातलं टॅपेट वाजतंय. नवं तेल हाय, बसंल एक-दोन दिवसांत.”

“एकडाव खोलून बघता का?”

“आज पान्याला हात लावायचा न्हाय, कल्याणप्पा. पूजेत हायती. परवा या, समदं बघतो.”

कल्याणप्पांनीही हात जोडले. देवाचं काम, त्यात कोण मोडता घालणार? मित्रांनो, इंजिनात तेल किती उरलंय ते दाखवणारी पट्टी बाहेर काढून बघायला पाना लागत नाही, नुसती दोन बोटं लागतात. पण तपासणं म्हणजे हत्यार, आणि हत्यार आज देवाचं, एवढंच त्या दोघांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांचा राग येतो, आणि येतही नाही.

संध्याकाळी मुली बसल्या. चढावर माझ्यात थेंबभर तेल उरलं नव्हतं. डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागला, चांगला भडक लागला. तो माझा एकमेव आवाज. पण त्याच्यावर झेंडूची फुलं होती. कल्याणप्पांना समोर फक्त पिवळाधमक उत्सव दिसत होता. टकटकीचा धडधडाट झाला, आणि मग सगळं एकदम थांबलं. इंजिन जाम. मुली दप्तरं घेऊन चालत घरी गेल्या.

दसरा झाल्यावर मिस्त्रींनी इंजिन खोललं. फिल्टर काढला तर हातात दोन रिंगा आल्या. त्यांनी त्या पुसून कल्याणप्पांच्या हातात ठेवल्या.

“चूक माझी हाय, कल्याणप्पा. इंजिनाचा क्रँक पार गेलाय. धाराशिवला इचारलं, सोलापूरला इचारलं. हे मॉडेल बंद झालंय. नवा क्रँक कुठंच मिळत न्हाय.”

कल्याणप्पा भांडले नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता महिना झाला. दोन मुली मामाकडं गेल्या. तिघी सोयाबीन काढायला जातात. शिवांजली काही दिवस शाळेला चालत आली, येऊन-जाऊन अठरा किलोमीटर. मग तिचे पाय सुजले आणि येणं थांबलं. कल्याणप्पा दुसऱ्याच्या शेतात रोजानं जातात.

परवा बाप-लेक माझ्यातलं सामान न्यायला आले. शिवांजलीनं वाळलेली माळ सोडली. खाली तिला ती लाल काच दिसली.

“अप्पा, हा कसला दिवा?”

कल्याणप्पांनी दिव्याकडं पाहिलं, तिच्या हातातल्या माळेकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं. मला त्यांच्या तोंडावर दिसलं ते.

“कसला न्हाय बाई,” ते म्हणाले. “लई दिवसांचा बिघडलाय. लागतच न्हाय.”

मी एवढी वर्षं त्यांच्याजवळ आहे. एवढंच एक खोटं त्यांच्या तोंडून ऐकलं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. आम्हालाही फुलं आवडतात. पण फुलं बॉनेटवर वाहा, आमचे डोळे उघडे ठेवा, आणि तेल बदललं की दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी ती पट्टी काढून बघा. माझ्यासाठी आता काही करू नका, करण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त लोहाऱ्याकडं आलात आणि शिवांजली भेटली, तर तो दिवा चांगला होता, हे तिला सांगू नका.