तिसरा टोला

मी घंटा बोलतेय. जन्माने मी घंटा नाही, गॅसची टाकी आहे. पण आता हे कोणाला सांगितलं तरी पटत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात गॅस कोंबला आणि वर लाल अक्षरांत ‘स्फोटाचा धोका’ असं लिहिलं. कोवळ्या वयात स्वतःबद्दल असं काही वाचलं की धास्ती बसते. वेल्डिंगच्या दुकानात कोणाच्या हातून पाना पडला तरी मला वाटायचं, झालं, आता मी फुटणार. फुटले नाही. रिकामी झाले, गंजले, आणि एक दिवस बोटीत बसून दूर दक्षिण समुद्रातल्या सवाईई बेटावरच्या या गावात आले. इथे माझा तळ कापून काढला आणि चर्चशेजारच्या नीरफणसाच्या फांदीला मला साखळीने टांगलं. तेव्हापासून फिलेमोनी म्हातारा लोखंडी सळईने मला ठोकतो. इतकी वर्षं झाली, पण सळई दिसली की अजून मला ती लाल अक्षरं आठवतात.

रोज संध्याकाळी मी तीनदा वाजते. पहिल्यांदा वाजले की सगळे घरी. दुसऱ्यांदा वाजले की ‘सा’ सुरू, म्हणजे घरोघरी प्रार्थना. मग रस्त्यावर कोणी चालायचं नाही, कोणाला हाक मारायची नाही. तालुक्याहून आलेली बससुद्धा वेशीपाशी गप्प उभी राहते. गावातले तरणे गडी लुंग्या नेसून रस्त्याकडेला पहाऱ्याला बसतात. तिसरा टोला पडला की सगळे मोकळे.

माझ्या झाडाला लागूनच फुआतिनोबाईंचं घर आहे. इथल्या घरांना भिंती नसतात. खांब, वर छप्पर, पाऊस आला तर सोडायला झावळ्यांचे पडदे. घरात बसलेलं माणूस साऱ्या गावाला दिसतं, आणि दिसलं की प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं. त्यांची भाची इआनेता शहरात कॉलेज शिकून परत आली ती याच घरात. येताना डोक्यात एक कादंबरी घेऊन आली होती. पण ती पेन्सिल घेऊन बसली की कोणीतरी म्हणणार, रिकामीच आहेस तर जरा नारळ किसून दे. ती बिचारी दचकून उठायची. माझ्यासारखीच होती ती. कोंबडी फडफडली तरी तिच्या पेन्सिलीचं टोक मोडायचं.

मग तिला सापडली ती ‘सा’ची वेळ. प्रार्थना संपली तरी तिसऱ्या टोल्यापर्यंत कोणी कोणाला कामाला पाठवू शकत नाही. तेवढा वेळ तिचा. थोडासाच, भात मुरायला ठेवावा इतका.

सुरुवातीला तो सगळा खोडण्यातच जायचा. काल लिहिलेलं वाचायचं, कपाळ चोळायचं, खोडरबर काढायचं, की मी वाजलेच. मला फार वाईट वाटायचं. तिला थांबवणारी मीच ना. पुढे ती शहाणी झाली. मागचं वाचणं तिने बंद केलं. माझा टोला पडला की वाक्य जिथे असेल तिथे, अर्ध्यावर सोडून द्यायची. मग दुसऱ्या दिवशी कुठून सुरुवात करू असा प्रश्नच पडायचा नाही. ताप असो, घरी पाहुणे असोत, ती रोज बसायची. आत्याने प्रार्थना लांबवली तरी उरलेल्या चार ओळी लिहायचीच.

तिची नायिका दोन बेटांमधल्या बोटीवर धिरडी विकत असते. नवऱ्याचं घर एका किनाऱ्यावर, आईचं दुसऱ्या. कुठेच उतरावंसं वाटत नाही म्हणून ती बोटीवरच राहते.

फुआतिनोबाई टोमणे मारायच्या. “अजून उतरली नाही का ती तुझी बाई? आपला समुद्र काही एवढा मोठा नाही.”

“कुठे उतरवू तेच कळत नाही, आत्या.”

“तिला विचार. तुला विचारून ती थोडीच चढली होती?”

आणि मग ऑकलंडहून इआनेताच्या बहिणीचा फोन आला. जुळं झालं होतं, कामावरची रजा संपत आली होती, इआनेताला ताबडतोब पाठवा. तिकीट निघालं. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. ती माझ्या झाडाखाली कपडे वाळत घालताना आत्याला म्हणाली, की इथे पुरं झालं नाही तर तिकडे होणारच नाही. दोन बाळांच्या घरात वही कधी उघडणार? आत्या कपडे पिळत राहिल्या.

शेवटच्या संध्याकाळी दुसरा टोला मारून फिलेमोनी माझ्याखाली बसला. दिवसभर त्याने शेतात तारोचे कंद उपटले होते. बसल्या बसल्या त्याची मान छातीवर आली. सळई मांडीवर, आणि म्हातारा गाढ झोपला.

घरोघरच्या प्रार्थना संपल्या. गाव थांबलं. घंटा झाली नाही म्हणजे सा संपलेली नाही. मग उठणार कोण? कुठेतरी मासे करपल्याचा वास आला. वेशीपाशी बसवाल्याने इंजिन बंद केलं. पहारेकरी एकमेकांकडे बघत बसून राहिले. झाडाच्या बुंध्याआड बसलेला म्हातारा कोणालाच दिसत नव्हता. दिसत होता फक्त फुआतिनोबाईंच्या घरातून.

त्यांच्या मुलाला, मोसेला, व्हॉलीबॉलची घाई होती. तो कुजबुजला, “आई, म्हातारा झोपलाय. हाक मारू का?”

“सामध्ये हाक मारतात का रे?”

“सा कधीच संपली असेल.”

“टोला ऐकलास तू?”

“नाही.”

“मग बस.”

त्या उठल्या, इआनेताच्या डोक्यावरचा दिवा लावला आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. इआनेताने वर पाहिलंच नाही. पेन्सिल चालली होती. मी फांदीला अंग चोरून लटकत होते. वाऱ्याने हलून साखळी वाजली असती तर सगळंच संपलं असतं.

अंधार पडता पडता तिने पेन्सिल खाली ठेवली.

“उतरली?” आत्याने विचारलं.

“उतरली. धक्क्यावरच टपरी टाकली तिने.”

“बरं केलं. आता जा, त्याला उठव.”

ती आली. पण झोपलेल्या म्हाताऱ्याचं तोंड पाहून तिचा हात पुढे होईना. तिने हळूच सळई काढून घेतली, डोळे घट्ट मिटले आणि मला मारलं. दोघीही केवढ्या दचकलो. गावभर एकदम माणसं बाहेर आली, बस सुरू झाली, मोसे चेंडू घेऊन पळाला आणि फिलेमोनी जागा होऊन म्हणाला, “मी वाजवली ना?”

पंचांनी त्याला माशांच्या डब्यांचं खोकं दंड केला. ते खोकं फुआतिनोबाईंनी दिलं. “माझ्या घरातल्या पोरीने घंटेला हात लावला, तेव्हा दंड माझा,” असं सांगून मोकळ्या झाल्या.

इआनेता गेली. बहिणीकडे भिंती आहेत, दाराला कडी आहे, संध्याकाळी बहीण कामावरून आली की हिला वेळही आहे. पहिला खर्डा पुन्हा लिहून काढायचाय. पण बसणंच होईना, असं तिने रडत कळवलं. आता फुआतिनोबाई दुसऱ्या टोल्याआधी फोन लावून माझ्याखाली येतात आणि तो माझ्या तोंडाशी धरतात. फिलेमोनी विचारतो, “आली का ती जाग्यावर?” त्या मान डोलावतात, मग तो सळई उचलतो. तिसऱ्यालाही त्या तशाच येऊन उभ्या राहतात.

माझी खालची कड आता गंजून पापुद्रे धरतेय. गावात भोंगा आणायचं बोलणं चाललंय, आणोत. तोवर ऑकलंडमधल्या तिच्या शेजाऱ्यांना माझी एक विनंती आहे. संध्याकाळी भिंतीपलीकडून माझा आवाज आला, तर काय झालं म्हणून दार ठोठावू नका. साखर हवी असेल तर तुमच्याकडे दुसऱ्यांदा वाजेन, म्हणजे इथला तिसरा टोला पडेल, तेव्हा या.