लाल चिंधीचं सामान

घर हलवायचं म्हटलं की काही नवरे सामान उचलतात आणि काही नुसते फोन करतात. सूनबाईच्या वाट्याला फोन करणारा आला होता. नव्या नोकरीवर रुजू व्हायला तो पुढे निघून गेला होता आणि तिथून दर थोड्या वेळाने "टेन्शन घेऊ नकोस" असं कळवत होता. टेन्शन घेऊ नको म्हणणाऱ्याने निदान एक खोकं तरी बांधावं, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

भानगड अशी होती की इथला फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता आणि तिकडचा अजून हातात आला नव्हता. तिथला भाडेकरू आज जातो, उद्या जातो करत ठाण मांडून बसला होता. तेव्हा सामान तोवर शहराबाहेरच्या गोदामात, आणि सूनबाई व तिचे सासरे गावातच नणंदेकडे. तिकडचा फ्लॅट रिकामा झाला की ट्रक गोदामातून परस्पर निघणार. गोदामवाल्याने भाडं कमी लावलं होतं, पण अट घातली होती. एकदा शटरला सील लागलं की सामान न्यायच्या दिवसापर्यंत ते उघडायचं नाही.

"मागाहून हे राहिलं, ते राहिलं चालणार नाही, ताई," त्याने बजावलं होतं.

"माझं काही राहत नाही," सूनबाई म्हणाली होती. ते खोटंही नव्हतं. या घरात जे काही राहायचं ते इतरांचं राहायचं, आणि शोधायचं तिने.

तिचा सगळा जीव अडकला होता शिलाई मशीनमध्ये. ती कोट शिवायची. इथे तिचं बस्तान बसलं होतं, गिऱ्हाईक पत्ता विचारत घरी यायचं. तिकडे तिला कुत्रंसुद्धा विचारणार नव्हतं. पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर तिकडच्या एका दुकानदाराने बँडवाल्यांचे लाल कोट तिला नमुन्यादाखल शिवायला दिले होते. कापड पार्सलने आलंही होतं आणि तिने ते बेतून ठेवलं होतं. कोट वेळेवर आणि नीट पोचले तर कायमचं काम, नाहीतर नव्या घरात भिंतींकडे बघत बसायचं. ते जाड कापड शिवायचं तर तिचं जुनं, सरावाचं मशीनच हवं. म्हणून मशीन गोदामात जाणार नव्हतं, तिच्याबरोबर नणंदेकडे जाणार होतं.

बरोबर न्यायच्या वस्तूंना तिने त्याच कापडाच्या उरलेल्या चिंध्या बांधल्या. मशीनला बांधली, कोटाचं कापड आणि कपडे भरलेल्या बॅगेला बांधली, सासऱ्यांच्या औषधांच्या पिशवीलाही बांधली. ते सामान फाटकाजवळ वेगळं ठेवून हमालांच्या मुकादमाला तिने पुन्हा पुन्हा सांगितलं की लाल चिंधी दिसेल त्याला हात लावायचा नाही. मुकादमाने मान डोलावली.

सांगायचे राहिले ते सासरे, म्हणजे अण्णा. त्यांना काही सांगायचं तर त्यांनी आधी बोलायचं थांबायला हवं होतं. ते सकाळपासून आपल्या वेताच्या खुर्चीवरून तिचं डोकं खात होते. सासूबाई गेल्यापासून अण्णा त्या खुर्चीतून जेवायला आणि झोपायलाच काय ते उठत.

"सूनबाई, खुर्ची शेवटी चढवायची हं."

"अण्णा, ती टॅक्सीत मावणार नाही."

"टॅक्सीत कोण म्हणतंय? गोदामातच जाऊ दे. पण दाराशी ठेवायची, अगदी दाराशी."

"ठेवू."

"नाहीतर हे लोक ठेवतील कुठेतरी आत कोंबून."

सूनबाईने दात-ओठ खाल्ले. शटर उघडल्याबरोबर आपली बैठक आधी बाहेर यावी, हेच ना? बाकीच्यांची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण गेलं खड्ड्यात. म्हातारपणी माणूस लहान होतो म्हणतात, पण लहान मुलाला निदान दटावता तरी येतं.

सामान खाली उतरत असतानाच घरमालक उगवला. त्याला भिंतीत खिळ्यांची भोकं दिसली, मग न्हाणीघराची फुटकी फरशी दिसली, मग ती आधीपासून फुटकी होती की नाही यावर त्याला चर्चा करायची होती. सूनबाई वर अडकली. खाली ट्रक भरत आला तेव्हा तिने खिडकीतून ओरडून, खुर्चीबरोबर खाली गेलेल्या अण्णांना मुकादमाबरोबर पुढे जायला सांगितलं. "नुसतं बसून राहा तिथे, काही करू नका," असंही सांगितलं. घरमालकाला एकदाचं वाटेला लावून ती खाली आली तर फाटकाजवळची जागा रिकामी होती. मशीन नाही, बॅग नाही, औषधं नाहीत.

"सगळं गेलं की," वॉचमन म्हणाला. "आजोबांनी स्वतः उभं राहून चढवून घेतलं."

टॅक्सीत बसल्यापासून ती मुकादमाला फोन लावत होती आणि मुकादम उचलत नव्हता. त्याऐवजी नवऱ्याचा फोन आला. तिने तो कट केला.

ती गोदामाशी पोचली तेव्हा खोली गच्च भरली होती. अगदी पुढे, शटरच्या रेषेवर, अण्णांची खुर्ची. गोदामवाला सील हातात घेऊन उभा. अण्णांच्या चेहऱ्यावर मोहीम फत्ते केल्याचं समाधान होतं.

"अण्णा, मशीन कुठाय?"

"सगळ्यात आत. मागच्या भिंतीला लावून, वर गाद्या टाकून. काळजीच नको."

"मी म्हटलं त्यांना," मुकादम हात झटकत म्हणाला. "तर म्हणाले, चिंध्या सूनबाईनेच बांधल्यात, मला कळतं त्याचा अर्थ काय ते."

अण्णांना कळतच होता. ते जन्मभर एका कारखान्याच्या भांडारात होते, आणि त्या भांडारात लाल चिठ्ठी म्हणजे किमती माल. तो आधी आत जायचा, पार मागच्या भिंतीपर्यंत, आणि त्याच्यापुढे बाकीचं रचायचं. हे ते तिला इतक्या उत्साहाने समजावून सांगू लागले की सूनबाईचा बांध फुटला.

"तुम्हाला नुसतं बसायला सांगितलं होतं, अण्णा. माझे कोट आता शिवायचे कशावर? माझं काम गेलं. आणि खुर्ची बघा, खुर्ची मात्र बरोबर दाराशी."

अण्णा गोंधळले. त्यांनी एकदा खुर्चीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"अगं, दाराशी ठेवतात ते गेलं तरी चालणारं असतं," ते म्हणाले. "शटर फोडून आलाच कुणी, तर त्याच्या हाताला आधी ते लागावं. खुर्ची गेली तर गेली. मशीन गेलं तर तू तिकडे काय करशील?"

सूनबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि रागही तितकाच येत होता. फक्त तो काढायचा कुणावर, हे कळत नव्हतं. पुन्हा फोन वाजला. निदान त्याच्यावर काढता आला असता, पण तेवढा वेळ नव्हता.

"सील लागलं नाही ना अजून?" तिने गोदामवाल्याला विचारलं. "मग सगळं बाहेर काढा."

मुकादम म्हणाला माणसं दमलीत. गोदामवाला म्हणाला बंद करायची वेळ झाली. सूनबाईने दोघांचंही ऐकून घेतलं, बाह्या सरसावल्या आणि पहिलं खोकं स्वतः उचलून अंगणात आणलं. बाईमाणूस ओझी वाहतंय म्हटल्यावर हमालांनाच अवघडल्यासारखं झालं. कुरकुरत का होईना, सगळा संसार उघड्यावर आला आणि त्याच्या तळातून मशीन निघालं. ते टॅक्सीत गेलं. बॅग आणि औषधंही गेली.

आता पुन्हा भरायचं होतं. मुकादमाने कपाटाला हात घातला.

"थांबा," सूनबाई म्हणाली. टॅक्सीपाशी जाऊन तिने मशीनची लाल चिंधी सोडवली आणि आणून खुर्चीच्या हाताला घट्ट गाठ मारून बांधली. "आधी ही. मागच्या भिंतीला. वर गाद्या टाका."

"अगं, जुनी खुर्ची ती," अण्णा म्हणाले. "आत कशाला?"

"चिंधी कसली आहे बघा ना, अण्णा."

अण्णांनी चिंधी पाहिली. मग ते हमालांच्या मागोमाग आत गेले. कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, पाय कुठल्या बाजूला करायचे, हे त्यांचं सांगणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

शटर खाली आलं. गोदामवाल्याने सील ओढून पक्कं केलं. टॅक्सीकडे निघालेले अण्णा मधेच थांबले.

"पण सूनबाई, तोवर मी बसू कशावर?"

एवढ्या आखणीत हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती बंद शटरकडे बघत राहिली, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.