दीड हजाराच्या खाली

मोजणी खात्यात नकाशे काढण्यात थोरलीची बरीच वर्षं गेली होती, पण असं काम तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. देशातली मोठी तळी आणि धरणांचे जलाशय समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहेत, हे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी दाखवायचं होतं. कडेला मीटरचे आकडे आणि आत निळ्या पट्ट्या. जितकं पाणी उंचावर, तितकी पट्टी वर. सगळ्यांत वरची पट्टी काढताना तिचा हात जरा रेंगाळला. त्या तळ्याकाठीच ती लहानाची मोठी झाली होती.

खरं तर तिच्या पाठीवर कुणी झालंच नाही. पण जन्मली तेव्हा घरच्यांनी पुढचा हिशेब धरून तिला थोरली म्हणायला सुरुवात केली, आणि ती थोरलीच राहिली. बाबा त्या तळ्यावर नाव चालवायचे. या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची या काठाला. तळं तीन हजार मीटरच्याही वर होतं, पण बाबांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांच्या लेखी ते फक्त पाणी होतं आणि ते जिथं असायला हवं तिथं होतं.

तक्ता अर्धा झाला असताना आईचा फोन आला. नाव काठावर ओढून घेताना बाबा मटकन खाली बसले होते आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. थोरली तशीच निघाली आणि दोघांना आपल्या शहरात घेऊन आली.

छातीच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला आणि सांगितलं की फुफ्फुसं थकली आहेत. वरची हवा विरळ असते. धडधाकट माणूस तेवढ्यात भागवतो, पण यांचं आता भागणार नाही. इथून पुढं दीड हजार मीटरच्या खालीच राहायचं.

बाबा म्हणाले, सतराशे चालेल का? डॉक्टरीणबाईंनी नाही म्हटल्यावर ते सोळाशेवर आले. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस चालली होती, आणि थोरलीला हसावं की रडावं कळेना.

तिचं घर चौथ्या मजल्यावर होतं. तिथं आठवड्याभरात बाबांचा श्वास जागेवर आला, पण बोलणं आटलं. ताटातलं अर्धं ताटातच राहायचं. दिवसभर ते खिडकीशी बसून समोरच्या इमारतीची भिंत बघायचे. एकदा तिनं विचारलं की एवढं काय बघताय.

"वारा कुठून येतो ते कळत नाही इथं," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी ती तक्ता तपासायला म्हणून घरी घेऊन आली आणि तिनं तो जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबांनी चष्मा लावला. आपलं तळं अगदी वर बघून त्यांना बरं वाटलं, पण लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. तळ्यांच्या पंगतीत धरणांना कशाला बसवलंस, असं त्यांचं म्हणणं पडलं. तळं आपल्या जागी असतं. अडवलेलं पाणी आज इथं, तर चार महिन्यांनी कुठल्या कुठं.

"मग त्याची उंची कुठली लिहिलीस? भरल्या दिवसाची की आजची?"

भरल्या दिवसाची, ती म्हणाली. खात्याचा नियमच तसा होता. काही जलाशय उन्हाळ्यात तीस-चाळीस मीटर खाली जातात हे ऐकून बाबांनी अशी मान हलवली, जणू कुणाच्या घरातली भानगड कानावर आली होती. तरीही त्यांचं बोट तक्त्यावरून सावकाश खाली सरकत होतं. दीड हजाराची रेघ ओलांडून ते थांबलं. थोरलीनं ते पाहिलं आणि जे तिनं स्वतःच्या हातानं काढलं होतं ते तिच्याही आत्ता लक्षात आलं. जन्मजात तळी एक तर वर डोंगरात होती, नाही तर अगदी खाली समुद्रालगत. मधल्या सगळ्या पट्ट्या धरणांच्या होत्या.

आधी तिनं खालचं पाणी दाखवून पाहिलं. शहराजवळच एक तळं होतं, समुद्राहून जेमतेम चार मीटर उंच. बाबा काठावरून न थांबता चालले. मग वाकून त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि ते थुंकले.

"हे समुद्राचंच पोर आहे," म्हणाले. विषय संपला.

पुढच्या सुट्टीत ती दोघांना बसनं अकराशे मीटरवरच्या जलाशयाला घेऊन गेली. पाणी बरंच उतरलं होतं. डोंगरांच्या पायथ्याला सगळीकडे उघड्या मातीचा तपकिरी पट्टा दिसत होता. बाबांनी तोंड वाकडं केलं. पण खाली धक्क्यापाशी आल्यावर ते थबकले. धक्का काठाला पक्का नव्हता, तो पाण्यावर तरंगत होता. तिथली नाव एक मध्यमवयीन बाई चालवत होती. पाणी रोज हलतं तर नाव बांधता कशी, असं बाबांनी तिला विचारलं. तिनं धक्क्यापासून काठापर्यंत गेलेल्या साखळ्या दाखवल्या. पाणी उतरेल तसतशा त्या सैल सोडायच्या, चढेल तसतशा आवळायच्या. बाबा गुडघ्यावर बसले, त्यांनी साखळीची कडी चाचपून पाहिली, आणखी काही विचारत राहिले. थोरलीच्या मनात आशा जागी झाली.

परतताना बसथांब्यावर त्या आशेवर पाणी पडलं. धक्का चांगला आहे, बाबा म्हणाले, बाई हुशार आहे. पण हे माझं पाणी नव्हे. मला परत वर नेऊन सोडा, जे व्हायचं ते तिथंच होऊ दे.

थोरली काही बोलणार तोच आई म्हणाली, "मी नाही येणार."

बाबांना वाटलं, ती थकली आहे. उद्या बोलू, ते म्हणाले.

"उद्याही नाही. लग्न करून वर आले त्या दिवसापासून माझे पाय गार आहेत. एवढ्या वर्षांत मी तिथं एकदाही पुरती ऊब घेऊन झोपले नाही. पाणी तुमचं होतं, म्हणून राहिले."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि विचारलं असतंत तरी मी काही नाही असंच सांगितलं असतं. तेव्हा तुम्हाला तिथं श्वास घेता येत होता." आईनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता माझ्यासाठी राहा खाली. तेवढंच मागते."

बस आली. आत बसल्यावर बाबांनी आईला खिडकीची जागा दिली. आजवर ती जागा त्यांनी कुणाला दिलेली थोरलीला आठवत नव्हती.

जलाशयाच्या काठी दोन खोल्या मिळाल्या. वरची नाव बाबांनी तिथं आपल्याबरोबर वल्ही मारणाऱ्या जोडीदाराला देऊन टाकली. ती ताब्यात द्यायला ते स्वतः गेले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत, आणि आईनं आग्रह केला नाही. फुफ्फुसं काही सुधारली नाहीत. ती सुधारणारी नव्हतीच. पण सकाळी धक्क्यापर्यंत जाणं जमू लागलं. साखळ्या सैल करायच्या दिवशी बाबा न बोलावता हजर असायचे आणि नाववाल्या बाईला इतक्या सूचना करायचे की तिच्या नाकी नऊ यायचे. काका, तोंडाला जरा सुट्टी द्या, ती म्हणायची आणि त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवायची.

जलाशय पुन्हा भरला तेव्हा थोरली चार दिवस राहायला आली. घराला कुलूप होतं. ती तशीच पाण्याकडे गेली. आई कपडे गुडघ्यांपर्यंत उचलून पाण्यात उभी होती. वरच्या तळ्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, ते बर्फाचं पाणी होतं. शेजारी बाबा, तिचा दंड धरून.

"पुढं नको जाऊस," ते तिला सांगत होते, "तिथं एकदम खोल आहे."

"कोमट आहे हो," आई म्हणाली, आणि आणखी एक पाऊल पुढं गेली.