विचार करून सांगतो

कपाळामागची मेंदूतली गाठ काढल्यावर पंधराव्या दिवशी तो घरी आला. पूल तपासणारा इंजिनियर. स्मरणशक्ती शाबूत, आकडेमोड पूर्वीसारखीच चोख, शिवाय चिडणं पार थांबलेलं. "देवासारखा शांत झालाय माझा लेक," सासूबाई म्हणाल्या. बायकोलाही आधी बरंच वाटलं.

मग एका सकाळी तो कपाटापुढे पाऊण तास उभा राहिला. पांढरा शर्ट लवकर मळतो, निळ्याला इस्त्री जास्त लागते. दोन्ही बाजू त्याने नीट मांडल्या, शर्ट मात्र घातला नाही. शेवटी बायकोने निळा हातात कोंबला. ऑफिसातही तेच. एका पुलाच्या अहवालावर तीन आठवडे बसून राहिला, तेव्हा साहेबांनी त्याला रजेवर पाठवलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. बायकोला नेमकं तेच खुपलं.

त्या रविवारी दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली, तर चार वर्षांची लेक तिसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीत बसलेली, पाय बाहेर. तो चार पावलांवर उभा, हात मागे बांधलेले. पुढचं बायकोला आठवत नाही. पोर कवेत होती आणि स्वतःचं कोपर सोलून निघालं होतं, एवढंच.

"बघत काय होतात तुम्ही?"

"हाक मारली तर दचकेल. धावलो तर तिचा तोल जाईल. हळू गेलो तर वेळ जाईल. तिन्हींत धोका होता, म्हणून विचार करत होतो."

"भीती नाही वाटली?"

त्याने जरा आठवून पाहिलं. "नाही. वाटायला हवी होती, हे कळतं मला."

संध्याकाळी तिने बॅग भरली आणि लेकीला घेऊन भावाकडे निघाली. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि बॅग खाली आणून दिली. तिने सासूबाईंनाही चला म्हटलं.

"पोटचा आहे माझ्या," त्या म्हणाल्या. "तो मला काही करायचा नाही."

चौथ्या दिवशी शेजारणीचा फोन आला. सासूबाई सकाळी नऊला बाथरूममध्ये पडल्या होत्या, कमरेचं हाड मोडलं होतं. शेजारीण एक वाजता सहज डोकावली म्हणून कळलं. तो जवळच स्टुलावर बसला होता, मांडीवर वही. तीन दवाखान्यांची अंतरं, डॉक्टर, रस्ते, सगळं सुवाच्य अक्षरात.

"आता तरी माझ्याबरोबर चला," दवाखान्यात सून म्हणाली.

"चार तास हलला नाही गं माझ्याजवळून. सारखा विचारत होता, दुखतंय का म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "हो म्हटलं की लिहून घ्यायचा."

दोन महिन्यांनी बऱ्या होऊन त्या लेकाकडेच परतल्या. सुनेने शेजारणीला किल्ली दिली, दिवसातून तीनदा बघून जा म्हणाली. शेजारीण हो म्हणाली. महिनाअखेरीला ती घर बदलणार होती, ते मात्र तिने सांगितलं नाही.