पटवून दिलेलं ऑपरेशन

प्राध्यापक महाशयांनी चाळीस वर्षं आधुनिक जर्मन सामाजिक तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातला एक विचार त्यांच्या हाडीमासी भिनला होता: माणसांनी एकमेकांवर जबरदस्ती करू नये, समोरासमोर बसून बोलावं, आणि जोर चालायचाच तर फक्त चांगल्या युक्तिवादाचा चालावा. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘मुद्दा सर’ म्हणत.

घरातही हाच कायदा. पडद्यांच्या रंगापासून मुलीच्या कॉलेजपर्यंत सगळं जेवणाच्या टेबलाशी ठरे. आवाज चढवायचा नाही, मधेच तोडायचं नाही, प्रत्येकाने कारण द्यायचं. किती छान! फक्त तीस वर्षांत बायको एकदाही जिंकली नाही, एवढंच. ती शिवणकाम करायची. कापडाला हात लावून ते आटेल की नाही हे बिनचूक सांगायची, पण कशावरून ते काही तिला सांगता यायचं नाही.

डॉक्टरांनी तिच्या हृदयाचं ऑपरेशन सुचवलं, तेव्हाही तिघं टेबलाशी बसली.

“मला नको वाटतंय,” ती म्हणाली.

“का?”

“असंच. आतून नको वाटतंय.”

“अगं, आतून म्हणजे काय? कारण सांग, मी ऐकतोय ना.”

आणि खरंच, ते ऐकत होते. मग रिपोर्ट, धोका, न केल्यास काय होईल, सगळं त्यांनी शांतपणे मांडलं. मुलीने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी बायको हसली. “तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार? करू या.”

ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. शंभरात दोघा-तिघांचं असं होतं, आणि ते प्रमाण प्राध्यापकांनीच तिला टेबलाशी सांगितलं होतं, अगदीच किरकोळ म्हणून.

तेव्हापासून मुलगी रोज यायची, औषधं काढून ठेवायची, कपडे मशीनला लावायची आणि आईविषयी अवाक्षर काढायची नाही. तिने एकदा भडाभडा बोलावं, तोंडावर दोष द्यावा, यासाठी त्यांचा जीव तुटत होता. एका दुपारी त्यांनी तिचा हातच धरला.

“बोल ना गं. मी चुकलो म्हण, काहीही म्हण. मी मधे बोलणार नाही.”

तिचे डोळे भरून आले. “मधे नाही, पण नंतर उत्तर द्याल, बाबा.”

“नाही देणार.”

“द्याल. आणि ते मला पटेल. मला ते पटायला नकोय.”

यावरही उत्तर त्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी कसंबसं गिळलं आणि ते ढसाढसा रडू लागले.