रंग गेलेले धागे

कलावतीने बरणीचं झाकण उघडलं. स्पिरिट काळ्या चहासारखं झालं होतं, आणि आतल्या तुकड्यांना बांधलेले आठही धागे सारखेच मळकट दिसत होते.

घाटातल्या जंगलातल्या चार वृक्षनेच्यांचे हे तुकडे. वृक्षनेचा म्हणजे माडासारखं खोड करून उभा राहिलेला नेचा. प्रत्येक झाडाच्या खोडाचा एक तुकडा, पानाच्या देठाचा एक. दोन्हींचे पातळ काप करायचे, भिंगाखाली रसवाहिन्यांची मांडणी पडताळायची आणि कोणतं झाड कोणत्या गटातलं ते ठरवायचं. पण खोड एकाचं आणि देठ दुसऱ्याचा निघाला, की तीन वर्षांचं संशोधन मातीमोल! आणि गाईड सर उद्या सोमवारी तुकडे बघायला येणार होते.

सरांनी बजावलं होतं, पेन्सिलीने चिठ्ठ्या लिहून बरणीत टाका. पण बाई पडल्या दीड शहाण्या. निजामपुऱ्याच्या यंत्रमाग वस्तीत, लूमच्या खडखडाटात वाढलेल्या मुलीचा कागदापेक्षा धाग्यावर विश्वास. आईने कारखान्यातून आणलेले लाल, निळे, पिवळे, हिरवे धागे तिने झाडागणिक बांधले. स्वस्तातला रंग स्पिरिटमध्ये टिकेल का, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

"आई, तुझ्या धाग्यांनी घात केला माझा!" ती ओरडली. चूक आपली, हे ठाऊक असूनही ओरडली.

द्रौपदी भाकरी थापत होती. वीस वर्षं लूमसाठी सुताच्या कांड्या भरून तिची बोटं चिवट झाली होती. तिने हात पुसले आणि ताटात मांडलेले तुकडे बघितले.

"काय झालं त्यात?"

"रंग गेला सगळा. आता कुठलं कुठल्या झाडाचं, कसं कळणार?"

"रंग गेला म्हून धागा बी गेला का?" द्रौपदीने एक लोंबतं टोक चिमटीत धरून चोळलं. "ह्यो वीस नंबरचा, जाडा. पिवळा व्हता ह्यो."

पुढचं टोक द्रौपदीने चोळून उकललं. "दोन पदरी हाय. लाल. आन् ह्यो साठचा, बारीक. निळा. हिरवा तर आर्ट सिल्कचा, बोटावरून सरकतोय बघ."

चार जोड्या लागल्या. पण कलावती पडली शास्त्राची. तिने आईला डोळे मिटायला लावले, तुकडे उलटसुलट केले आणि पुन्हा एकेक टोक हातात दिलं. द्रौपदी हसली, पण चुकली नाही. त्याच चार जोड्या.

तरी धाकधूक जाईना. पिवळ्या धाग्याच्या झाडाचं एक पान कलावतीने वर्तमानपत्रात दाबून ठेवलं होतं, त्यावर पेन्सिलीने नंबरही होता. तिने त्याचा सुका देठ भिजवला, ब्लेडने काप घेतला, आणि दुसरा काप आईने पिवळा म्हटलेल्या देठाचा घेतला. घरी आणलेल्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून बघितलं. रसवाहिन्यांच्या ठिपक्यांची कमान, आणि तिची दोन्ही टोकं आतल्या बाजूला वळलेली. दोन्हीकडे तशीच. बाकीच्या तीन देठांत टोकं सरळ होती.

कलावतीने एवढा मोठा श्वास सोडला की कितीतरी दिवस तो अडवून ठेवला होता असं वाटावं. मग ती रडली, मग हसली, आणि आईच्या हातांवर डोकं टेकून म्हणाली, "आई, मगाशी उगाच ओरडले गं तुझ्यावर."

"ऱ्हाऊ दे. भाकर करपली तेवढी," द्रौपदी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी बरणी उन्हात धरली. आता आत पेन्सिलीच्या आठ चिठ्ठ्या होत्या. कलावतीने सगळं खरं सांगितलं. सरांच्या कपाळाला आठी पडली. "ओळखलं कोणी?"

"आईने. त्या कांड्या भरतात."

सरांनी दोन्ही देठांचे काप शेजारीशेजारी ठेवून ताडून बघितले. मग प्रबंधाचा कच्चा मसुदा तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "पद्धतीच्या प्रकरणात नाव घाला त्यांचं. पूर्ण नाव."

त्या संध्याकाळी कलावतीने आईला जन्मात पहिल्यांदा विचारलं, "आई, माहेरचं नाव लावू तुझं, की सासरचं?"