फाडणं निराळं, फाटणं निराळं

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावाने संशयी आहे. यात माझा दोष नाही. जो येतो तो माझ्या टाळक्यात टिचक्या मारतो, तोंडावर फुंकतो आणि ‘हॅलो, हॅलो’ करून मी जिवंत आहे की नाही ते तपासतो. ज्याच्यावर जन्मभर असा अविश्वास दाखवला, त्याने जगावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवते ती भुशाने भरलेली पेटी आणि ती उघडणारे चनमल्लप्पा. सोलापुरात त्यांचे लाऊडस्पीकरचे दुकान होते. पुढाऱ्यांची भाषणे मी गावभर पोचवली. लग्नात हरवलेल्या चपलांची चौकशीही माझ्यातूनच व्हायची.

पण माझा लाडका माणूस म्हणजे मोहोळचा मानसिंग. आबासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात तो रॉक गाणी म्हणायचा. कानावर आलेले केस, घोळदार विजार, आणि गाण्याचे शब्द निम्मे इंग्रजी, निम्मे मोहोळचे! वरच्या सुरात गेला की तो मुद्दाम आवाज फाडायचा. माझ्या पोटातला पातळ पडदा थरथरायचा आणि पोरे खुर्च्यांवर उभी राहायची.

मग चौऱ्याहत्तर सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारांची पूजा. चनमल्लप्पांच्या पत्नी गुरम्मा मोठ्या भाविक. त्यांनी पक्कड पुजली, अँप्लिफायर पुजला, भोंग्यांना झेंडूच्या माळा घातल्या. माझ्यावर त्यांचा विशेष जीव. ओल्या बोटांनी त्यांनी माझ्या जाळीवर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि मधोमध कुंकू लावले. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर! पण घरात सगळ्यांत जास्त राबणारा मी, म्हणून पुन्हा एकदा ओढले. खोटे कशाला सांगू, क्षणभर मला देव झाल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वरून पुसले. आत उतरलेली विभूती मात्र वाळून घट्ट बसली.

त्याच रविवारी सकाळी थिएटरात कार्यक्रम झाला. भोंग्यातून मानसिंगचा आवाज असा आला, जणू कुणी वाकळेत तोंड खुपसून गातोय. मध्येच खरखर. आवाज पोचेना म्हणून तो आणखी ओरडला, आणि ओरडून ओरडून चिरकला. मंगळवारी साप्ताहिकात छापून आले : ‘हा गळा की उसवलेले गोणपाट?’ खाली सही, ‘एक कानसेन’.

दुकानाला लागूनच चहाचे हॉटेल होते. तिथे मानसिंगचे चाहते बसत. खिडकीतून मला सगळे ऐकू येई.

“रॉकमदी आवाज फाडायचाच असतोय की!” कॉलेजात शिकणारा शिवशरण टेबल आपटून म्हणाला. “त्या कानसेनाला काय कळतंय?”

“फाडणं निराळं, फाटणं निराळं,” रावजी म्हणाला. तो चादरीच्या मागावर कामाला होता. “आमी चादर कापतो आन चादर उसवती, एकच हाय व्हय?”

“मंजी तूच लिवलंस ते!”

“मी? सही सोडून मला काय येतंय रं लिवाया?”

“मग तू सांगितलंस, लिवलं दुसऱ्यानं!”

झाले! जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला. कुणी म्हणाले, मानसिंग पिऊन आला होता. कुणी म्हणाले, चनमल्लप्पानेच आवाजाचे बटण पिळले. इकडे चनमल्लप्पांना वाटे, मानसिंगनेच मला कुठेतरी आपटले. आबासाहेबांनी सांगून टाकले, गुरुवारपर्यंत लोकांची तोंडे बंद झाली नाहीत, तर बार्शीच्या कार्यक्रमाला दुसरा गायक.

मानसिंग गळ्याला मफलर गुंडाळून दुकानात आला. “आप्पा, खरं सांगा, माझा गळा गेला का?”

चनमल्लप्पांनी माझी वायर गुंडाळायला घेतली. मला सगळे ठाऊक होते. पण दुसऱ्यांचे आवाज मोठे करणाऱ्याला स्वतःचा आवाज कुठला?

गुरुवारी दुपारी गुरम्मा मला पुसत होत्या. नख जाळीत अडकले आणि पांढरा, गुलाबीसर पोपडा निघाला. त्यांनी तो हुंगला. “अय्यो! हे तर माझंच काम!”

“गप बस,” चनमल्लप्पा म्हणाले. “दुकानाचं नाव जाईल.”

“आन त्या लेकराचं गेलं ते?”

बायकामाणसे त्या हॉटेलात पाऊल टाकत नसत. गुरम्मा मला पदराखाली घेऊन थेट आत गेल्या. “तो पेपर हातरा,” म्हणाल्या. माझी जाळी फिरवून काढली आणि ठोकली. नेमक्या त्या ‘कानसेना’च्या मजकुरावर विभूतीचा ढीग पडला.

“वैनी,” रावजीने डोळे बारीक केले, “आत्ताच भरून आणली न्हाय कशावरून?”

“विभूतीपुढं खोटं बोलू का रे? जीभ झडंल माझी!”

आबासाहेब तिथेच बसले होते. त्यांनी मानसिंगला बोलावून घेतले. चनमल्लप्पांनी मुकाट्याने वायरी जोडल्या. मानसिंग गायला लागला आणि आवाज कसा लख्ख बाहेर आला! शिवशरण असा ऐटीत बघत होता, जणू तोच गातोय. मग वरचा सूर आला, आणि आवाज चिरकला.

 शिवशरणने मला ओढून घेतले, जाळीत डोळा घातला. “आजून आत ऱ्हायलंय की!”

“व्हय, व्हय, ऱ्हायलं असंल,” गुरम्मा घाईने म्हणाल्या.

मानसिंगने मला त्याच्या हातातून सोडवून घेतले. “न्हाय अक्का. जाळी साफ हाय. ही चीर माझी हाय. एक पट्टी खाली गातो.”

आणि तो खालच्या पट्टीत पुन्हा गायला. संपले तेव्हा आबासाहेबांनी रावजीकडे पाहिले. रावजीने चहाचा शेवटचा घोट घेतला. “बार्शीच्या गाडीत मला एक जागा ठेवा,” तो म्हणाला. “हितं हाटेलात ऐकून काय खरं न्हाय. तितं ऐकतो, मग सांगतो.”

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. एवढीच विनंती, आमच्यावर माया करा, पण कोरड्या हाताने. महिन्यातून एकदा जाळी उघडून ब्रशने झाडा. आणि कुणाचा आवाज नीट पोचला नाही, तर त्याला नावे ठेवण्याआधी वाटेत काय अडकले आहे तेही बघा. सगळे साफ करूनही एखादी चीर उरली, तर ती ज्याची त्याला कबूल करू द्या. तेवढे म्हणायला फार मोठा गळा लागतो.